तारुण्यातील पक्षाघात आणि रक्ताची खतावणी

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक सभेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



एखाद्या संस्थेला ५० वर्षे पूर्ण झाली की तिचा गौरव होतो. तिने इतकी वर्षे टिकाव धरला, हिशेब चोख ठेवला, वेळोवेळी डागडुजी केली, म्हणूनच हा दिवस उगवला, असे सर्वजण अभिमानाने सांगतात. परंतु माणसाच्या देहाची ५० वर्षे पूर्ण होण्याआधीच त्याची एक बाजू लुळी पडली, वाचा गेली, लिहिता हात थांबला, तर त्या घराचा महोत्सव कायमचा हुकतो. अलीकडे असे प्रसंग वारंवार कानी येऊ लागले आहेत. म्हणून या मंगल प्रसंगी थोडा गंभीर विषय निवडला आहे. तारुण्यात येणारा पक्षाघात आणि त्याची आगाऊ सूचना देणाऱ्या रक्तातील खुणा, हा तो विषय होय.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही सर्व एकाच आघाताची नावे आहेत. हा म्हातारपणाचा रोग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पूर्णतः चुकीची नाही, परंतु अपुरी निश्चित आहे. पक्षाघाताच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे १० ते १५ रुग्ण १८ ते ५० या वयोगटातील असतात, असे जगभरातील अभ्यासांचे सांगणे आहे. पाश्चात्य देशांच्या तुलनेत भारतात हा आघात सरासरीने लवकरच्या वयात गाठतो. म्हणजे ज्या वयात मुलांची शिक्षणे व्हायची असतात, दुकानाचे कर्ज फेडायचे असते आणि आईवडील आधारासाठी ज्याच्याकडे पाहत असतात, नेमक्या त्या वयात घरातील कर्ता माणूसच परावलंबी होतो.

आघात होतो म्हणजे काय होते?

मानवी मेंदूचे वजन संपूर्ण शरीराच्या अवघे २ टक्के असते. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच वापरतो. त्याच्यापाशी साठा असा काहीच नसतो. रोज आणायचे आणि रोज खर्चायचे, असा त्याचा व्यवहार आहे. हा पुरवठा खंडित झाला की मेंदूच्या पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद पडल्यास दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असे अनुमान डॉ. जेफ्री सेव्हर या अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञांनी २००६ साली मांडले. चर्चेत घालविलेल्या एका तासाची किंमत यावरून ध्यानी यावी.

पुरवठा खंडित होण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, रक्त घेऊन जाणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकणे. बहुसंख्य रुग्ण या प्रकारात मोडतात. दुसरा, रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे. याचे मुख्य कारण उच्च रक्तदाब. तिसरा प्रकार लोकांना फारसा ठाऊक नसतो. मेंदूकडून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांमध्ये गुठळी होते, मागे रक्त तुंबते आणि मेंदूला सूज येते. हा प्रकार तरुण वयात, आणि त्यातही तरुण स्त्रियांमध्ये, विशेष आढळतो. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावयाचा आहे.

वरवर निरोगी, आत उधारी

अशी कल्पना करावी की एक ३८ वर्षांचा दुकानदार आहे. सकाळी दहाला गादीवर बसतो, रात्री नऊला उठतो. दिवसातून सात-आठ वेळा चहा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा तोंडात मावा, जेवणाबरोबर पापड आणि लोणचे, संध्याकाळी फरसाण. वसुलीची चिंता, कराच्या विवरणपत्राची चिंता, मुलाच्या प्रवेशाची चिंता. पोट थोडे सुटलेले. परंतु ‘खात्यापित्या घरचे लक्षण’ म्हणून त्याकडे कौतुकाने पाहिले जाते. त्याने रक्तदाब कधी मोजलेला नाही, कारण त्याला काही होत नाही. असा माणूस एके सकाळी दात घासताना कोसळतो आणि सारे म्हणतात, ‘काल रात्रीपर्यंत तर अगदी ठणठणीत होता!’

व्यापाऱ्याने या वाक्यावर विश्वास ठेवू नये. कोणतीही पेढी एका रात्रीत बुडत नाही. ती आधी वहीत बुडते, नंतर बाजारात. देणी साचत जातात, माल अडकतो, व्याज चढते आणि शेवटी ज्या दिवशी दाराला कुलूप लागते, त्या दिवशी जगाला कळते. ज्याने खतावणी वेळेवर उघडून पाहिली असती, त्याला दोन वर्षे आधीच सर्व दिसले असते. रक्त ही शरीराची अशीच खतावणी आहे.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने, मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ आणि आयर्लंडमधील डॉ. मार्टिन ओ’डोनेल यांच्यासारख्या संशोधकांनी ‘इंटरस्ट्रोक’ नावाचा मोठा अभ्यास केला. त्याचे विस्तृत निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. भारतासह ३२ देशांतील सुमारे २७ हजार व्यक्तींचा त्यात समावेश होता. पक्षाघाताच्या एकंदर धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका केवळ दहा गोष्टींशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. त्या दहा गोष्टी अशा : उच्च रक्तदाब, शारीरिक श्रमांचा अभाव, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, सदोष आहार, पोटाचा घेर, मानसिक ताण, धूम्रपान, हृदयविकार, मद्यपान आणि मधुमेह. या यादीत दैवाधीन असे फारच थोडे आहे. बाकी सर्व माणसाच्या हाती आहे. दहांतही पहिला मान उच्च रक्तदाबाचा.

जैन कुटुंबांत मद्याचा प्रश्न तुलनेने कमी असावा आणि धूम्रपानही कमी. परंतु या पुण्याईवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. मीठ हे येथील खरे छुपे देणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, अधिक मीठ असू नये. चातुर्मासात आणि तिथीच्या दिवशी हिरव्या भाज्या वर्ज्य झाल्या की ताटातील ती जागा पापड, लोणचे, गाठी आणि मसाल्याचे खाखरे घेतात. भाजीचा त्याग घडतो, पण मिठाचा भोग वाढतो. गुटखा आणि मावा यांत धूर नसतो, म्हणून ते निरुपद्रवी, हाही भ्रमच आहे. तंबाखूतील निकोटिन तोंडातून रक्तात उतरते आणि नाडीची गती व रक्तदाब दोन्ही वाढविते. महाराष्ट्रात २०१२ सालापासून गुटख्यावर बंदी आहे. परंतु कायद्याची बंदी आणि व्रताची बंदी यांतील अंतर श्रावकांस सांगावयास नको.

रक्तातील खुणा

आता खतावणीची पाने उलटू. रक्ताच्या चाचण्या शेकडो आहेत. सामान्य गृहस्थाने त्यांतील मोजक्या समजून घेतल्या तरी पुरे.

साखर : गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर ‘एचबीएवनसी’ या चाचणीने कळते. ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास उत्तम, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. उपाशीपोटीची साखर एका दिवसाची रोजकीर्द दाखविते. ही चाचणी मात्र तिमाहीचा ताळेबंद मांडते.

मेद : एलडीएल नावाचे कोलेस्टेरॉल रोहिणीच्या भिंतीत साचते. ते साधारणतः १०० मिलिग्रॅमच्या आत असावे. याच कुळातील ‘लायपोप्रोटीन-ए’ हा घटक नॉर्वेच्या डॉ. कोरे बर्ग यांनी १९६३ साली शोधून काढला. तो जवळजवळ पूर्णपणे आनुवंशिक आहे. आहाराने किंवा व्यायामाने तो फारसा बदलत नाही. म्हणून आयुष्यात एकदा मोजला तरी बहुधा पुरतो. तो ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास अन्य सर्व बाबतींत दुप्पट दक्षता घ्यावी. ज्या घरात वडील किंवा काका यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार अथवा पक्षाघात झाला असेल, त्या घरातील मुलांनी ही चाचणी अवश्य करावी.

रक्ताचा दाटपणा : साध्या रक्तगणनेत हिमोग्लोबिन आणि बिंबिका यांची संख्या कळते. हिमोग्लोबिन अति वाढल्यास रक्त दाट होते. उलटपक्षी लोहाच्या कमतरतेने होणारा पंडुरोगही, विशेषतः स्त्रियांमध्ये, नीलांतील गुठळीला साहाय्यभूत ठरतो.

गुठळीची जन्मजात वा अर्जित प्रवृत्ती : काही व्यक्तींच्या रक्तात गुठळीला आवर घालणारी ‘प्रोटीन सी’, ‘प्रोटीन एस’ अथवा ‘अँटिथ्रॉम्बिन’ ही द्रव्ये जन्मतः कमी असतात. काहींच्या रक्तात स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होऊन गुठळ्या होतात. लंडनचे डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ साली या विकाराचे वर्णन केले. ज्या भगिनींचे वारंवार गर्भपात झाले असतील, त्यांच्या बाबतीत ही तपासणी महत्त्वाची. या चाचण्या सरसकट सर्वांनी करावयाच्या नाहीत. त्या खर्चिक आहेत आणि आजाराच्या ऐन भरात केल्यास त्यांचे आकडे फसवितात. तज्ज्ञ सांगतील तेव्हाच त्या कराव्यात. प्रतिद्रव्यांची चाचणी तर १२ आठवड्यांनंतर पुन्हा करून मगच निदान पक्के करतात.

होमोसिस्टीनची कथा

एक खूण मात्र अशी आहे की जिचा शाकाहारी समाजाशी थेट संबंध आहे. तिचे नाव होमोसिस्टीन. तिची कथा थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

१९३३ साली अमेरिकेतील बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला. त्याच्या रोहिण्या वृद्धाप्रमाणे जाड व कठीण झालेल्या होत्या. कारण कोणालाच कळेना. १९६५ साली त्याच रुग्णालयात नऊ वर्षांच्या एका मुलीला होमोसिस्टिन्युरिया नावाचा दुर्मिळ आनुवंशिक विकार असल्याचे निष्पन्न झाले. तिच्या आईने सहज सांगितले की आपला भाऊ असाच लहानपणी गेला. तो भाऊ म्हणजेच १९३३ सालचा तो मुलगा. डॉ. किल्मर मॅक्युली या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने त्या मुलाचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले. पुढे आणखी एका अर्भकाच्या अभ्यासाची त्यास जोड मिळाली. रक्तात होमोसिस्टीन साचल्याने रोहिण्या खराब होतात, असा सिद्धान्त त्यांनी १९६९ साली मांडला. त्या काळी सर्वांचे लक्ष कोलेस्टेरॉलकडे होते. मॅक्युली यांची उपेक्षा झाली, त्यांना आपली जागाही सोडावी लागली. त्यांच्या म्हणण्याकडे जग वळले ते कित्येक वर्षांनी.

अन्नातील प्रथिनांत मेथिओनीन नावाचे द्रव्य असते. ते वापरले गेले की होमोसिस्टीन उरते. शरीर त्याचे पुन्हा मेथिओनीन बनविते. मात्र या फेरबदलासाठी ब-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट ही दोन कारागीर द्रव्ये लागतात. ब-१२ नसेल तर काम तुंबते, होमोसिस्टीन रक्तात साठते, रोहिणीच्या आतील गुळगुळीत अस्तराला इजा करते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढविते. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणतः १५ मायक्रोमोलच्या आत असावे.

आता महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नॉर्वेतील संशोधकांच्या सहकार्याने केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. पुण्यातील २०४ स्त्री-पुरुषांच्या रक्ताची त्यात तपासणी झाली. ४७ टक्के व्यक्तींच्या रक्तात ब-१२ कमी आढळले आणि ७७ टक्के व्यक्तींचे होमोसिस्टीन १५ च्या वर होते. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच दिसली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष होते. त्यातील शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्क्यांत ब-१२ ची कमतरता आढळली. ग्रामीण शेतकऱ्यापेक्षा शहरी मध्यमवर्गीय अधिक वंचित निघाला. शाकाहार हे त्यामागील एक ठळक कारण होते.

हे ऐकून कोणी असा अर्थ काढू नये की शाकाहारातच दोष आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व प्राणीही निर्माण करीत नाहीत आणि वनस्पतीही नाहीत. ते सूक्ष्म जिवाणू निर्माण करतात आणि प्राण्यांच्या देहात व दुधात ते साठते. त्यामुळे शाकाहाऱ्याला ते मुख्यतः दूध, दही, ताक आणि पनीर यांतून मिळते. प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे २ ते २.५ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते. एक मोठा पेला दुधातून सुमारे १ मायक्रोग्रॅम मिळते. म्हणजे रोज दोन पेले दूध अथवा तितके दही पोटात गेले पाहिजे. चहातील चार चमचे दुधाने ही गरज भागत नाही. तुपात तर ते जवळजवळ नसतेच. तेव्हा तुपाने माखलेली पोळी खाऊन ही तूट भरून निघणार नाही. कडधान्ये आणि डाळी यांतून फोलेट भरपूर मिळते, ही जमेची बाजू आहे. ती टिकवावी.

तरुण पिढीतील काहीजण अहिंसेच्या विचाराने दूधही वर्ज्य करू लागले आहेत. त्यांच्या भावनेचा आदरच आहे. परंतु अशांना ब-१२ ची गोळी घेतल्यावाचून गत्यंतर नाही. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनाने तयार करतात. प्राण्याच्या मांसातून काढीत नाहीत. जिलेटिनच्या वेष्टणाची शंका असल्यास वेष्टण नसलेली साधी गोळी मागावी. शैवालाच्या गोळ्यांवर मात्र विसंबू नये; त्यांतील ब-१२ सारखे दिसणारे द्रव्य बहुतांशी मानवी शरीराच्या उपयोगी पडत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी ब-१२ अवश्य तपासावे, कारण या औषधांनी त्याचे शोषण कमी होते. केवळ फोलिक आम्ल घेऊन स्वस्थ बसणेही घातक ठरते. त्याने पंडुरोग झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

येथे एक प्रामाणिक खुलासा आवश्यक आहे. जीवनसत्त्वे दिल्याने होमोसिस्टीन निश्चित उतरते. परंतु एकदा आघात झालेल्या रुग्णांस ती देऊन दुसरा आघात टळतो का, याचे उत्तर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नकारार्थी आले. उलटपक्षी चीनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० हजारांहून अधिक उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना रक्तदाबाच्या गोळीसोबत फोलिक आम्ल दिले असता पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी घटले. तात्पर्य असे की ब-१२ ची गोळी ही रक्तदाबाच्या औषधाची बदली नव्हे. ज्याच्यापाशी तूट आहे त्याने ती भरून काढावी, आणि तीही आघातापूर्वी. होमोसिस्टीनचा प्रश्न बाजूस ठेवला तरी मज्जातंतू आणि रक्त यांच्या आरोग्यासाठी ब-१२ लागतेच.

तपश्चर्या आणि विवेक

आता थोड्या नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. सभेत तो बोलण्यास संकोच वाटतो. परंतु संकोचामुळे एखाद्या घरातील लेक किंवा सून गमवावी लागत असेल, तर तो संकोच सोडलेला बरा.

पर्युषण, दशलक्षण, प्रतिष्ठा महोत्सव, विवाह अशा प्रसंगी अनेक घरांतील स्त्रिया मासिक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतात. त्या औषधाच्या दुकानातून सहज आणल्या जातात, बहुधा डॉक्टरांना न विचारता; कधी जाऊबाईंच्या सल्ल्याने, कधी शेजारणीच्या. या गोळ्यांत संप्रेरके असतात आणि काही स्त्रियांत त्यांमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात उपवास, पाण्याची कमतरता, पंडुरोग आणि ब-१२ च्या अभावाने वाढलेले होमोसिस्टीन यांची भर पडली की मेंदूच्या नीलांमध्ये गुठळी होण्यास पुरेसे कारण तयार होते. असे रुग्ण भारतातील मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदविलेले आहेत. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांतही हा धोका असतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, ही जुनी प्रथा त्या धोक्यात भर घालते. ती तत्काळ थांबवावी.

या विकाराची लक्षणे वेगळी असतात. कित्येक दिवस वाढत जाणारी तीव्र डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणे, अचानक आलेली आकडी आणि मग अंग लुळे पडणे. उपवासाने पित्त झाले असेल, म्हणून घरोघरी लिंबू आणि बाम यांत चार दिवस जातात. हेच चार दिवस मोलाचे असतात. वेळीच निदान होऊन रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू झाल्यास बहुसंख्य रुग्ण पूर्ववत होतात. म्हणून तरुण स्त्रीने, विशेषतः अशा गोळ्या घेतल्यानंतर किंवा बाळंतपणानंतर, न थांबणाऱ्या डोकेदुखीची तक्रार केली तर तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एक विचार करावा. पाळी आली म्हणून सुनेचे पूजन हुकले तर तिची भावपूजा हुकते काय? घरी बसून केलेले नामस्मरण कमी प्रतीचे ठरते काय? ‘एवढा उत्सव झाला की बघू’ असे म्हणणारी गोळी तिच्या हाती कोण ठेवते, याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःस द्यावे.

तपश्चर्येला विरोध करण्याचा येथे यत्किंचितही हेतू नाही. अठ्ठाई, मासखमण, वर्षीतप यांचे माहात्म्य समाजास ज्ञात आहे. परंतु तप आणि साहस यांत विवेकाची रेषा असते. ज्यांस उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या झडपेचा विकार किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, त्यांनी मोठे तप आरंभण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. मनाने औषध बंद करणे सर्वांत घातक. ज्यांना धोका आहे त्यांनी चौविहाराऐवजी तिविहार उपवास करून दिवसा उकळलेले पाणी पुरेसे घ्यावे. श्वेतांबर परंपरेत प्रत्याख्यानाच्या पाठातच आगार सांगितलेले आहेत आणि त्यांत समाधी राखण्यासाठीचाही आगार आहे. आजारपणात औषध घेतल्याने व्रत मोडले, अशी खंत बाळगण्याचे कारण नाही. पूर्वाचार्यांनी देहाची मर्यादा ओळखूनच ही सोय ठेवली. शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे. लपवून औषध टाकून देऊ नये.

आघात झालाच तर

चेहरा एका बाजूस वाकडा होणे, हात किंवा पाय अचानक दुबळा होणे, बोलणे अडखळणे, अचानक तोल जाणे, एकाएकी दिसेनासे होणे, ही पक्षाघाताची लक्षणे होत. रुग्णाला हसावयास सांगावे, दोन्ही हात वर करावयास सांगावे, एक वाक्य बोलावयास सांगावे. तिन्हींपैकी एक जरी चुकले तरी घड्याळ पाहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली, तरीही जावे. ती मोठ्या आघाताची पूर्वसूचना असू शकते.

गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नळीने ओढून काढण्याची पद्धत २०१५ सालच्या चाचण्यांनंतर रूढ झाली. निवडक रुग्णांत ती २४ तासांपर्यंतही उपयोगी पडते. म्हणून ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन अहोरात्र चालू असतो, तेथेच न्यावे. कोणत्या रुग्णालयात न्यावयाचे, हे आधीच ठाऊक असावे. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नये. आघात गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. तोंडात पाणी किंवा काढा घालू नये. तो श्वासनलिकेत उतरतो. मालिश, झाडपाला, नवस यांसाठी पुढे आयुष्य आहे. पहिले साडेचार तास पुन्हा येत नाहीत.

एक लहानशी सूचना तरुणांसाठी. केशकर्तनालयात मान झटक्याने मोडून घेण्याची सवय अनेकांस असते. त्या झटक्याने मानेतील रोहिणीचे अस्तर फाटून तारुण्यात पक्षाघात होऊ शकतो. दाढी-कटिंग अवश्य करावी. मान मात्र कोणाच्या हाती देऊ नये.

नव्या वहीचे पहिले पान

दिवाळीला वहीपूजन होते. कुंकवाचे स्वस्तिक काढून नवी वही उघडली जाते आणि नवे वीर निर्वाण संवत् सुरू होते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने समाजातील प्रत्येक कुटुंबाने एक संकल्प करावा. त्या वहीबरोबर आरोग्याची एक छोटी वही उघडावी आणि घरातील २५ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीच्या नावे सहा आकडे लिहावेत : रक्तदाब, एचबीएवनसी, एलडीएल, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि पोटाचा घेर. रक्तदाब १४०/९० च्या वर वारंवार आढळल्यास उपचार सुरू करावेत. पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर यांच्या आत असावा. तो मोजण्यासाठी कापडाच्या दुकानातील फीतही पुरते. ब-१२ कमी निघाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने होमोसिस्टीन पाहावे. पुढील दिवाळीला तेच सहा आकडे पुन्हा लिहावेत आणि मागील वर्षाशी ताडून पाहावेत. आकडा सुधारला तर नफा, बिघडला तर तोटा. इतका सोपा हिशेब दुसरा नाही. सुनेचे आणि लेकीचे पानही त्या वहीत असावे. ते बहुधा कोरे राहते, म्हणून मुद्दाम सांगावयाचे.

न्यासाने ५० वर्षे आपला हिशेब दरवर्षी लेखापरीक्षकांपुढे ठेवला, म्हणून समाजाचा विश्वास टिकला. संस्थेच्या पैशाबाबत जी शिस्त पाळली जाते, तीच शिस्त घरातील माणसांच्या बाबतीत पाळली जावी, एवढेच मागणे. पुढील महोत्सवात, म्हणजे न्यासाच्या हीरक महोत्सवात, आज मागच्या रांगेत बसलेले हे सारे तरुण आपल्या पायांनी चालत येवोत, आपल्या मुखाने जय जिनेंद्र म्हणोत आणि पुढच्या रांगेत बसोत.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.